‘कीप’ आणि ‘पुट’ : एका इंग्रजी क्रियापदाचा धडा

इंग्रजी भाषेतील जी क्रियापदे नित्याच्या व्यवहारात पावलोपावली भेटतात, त्यांपैकी ‘कीप’ हे एक होय. शब्द लहान, उच्चार सोपा, आणि शाळेतील मुलास त्याचा अर्थ विचारला असता ते तत्काळ ‘ठेवणे’ असे उत्तर देते. हा अर्थ खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि अपुरा अर्थ कित्येक वेळा खोट्या अर्थाहून अधिक नाडतो, कारण त्याविषयी कोणास संशयच येत नाही. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत अशी कुटुंबे थोडी नाहीत की, जेथे आईबापांस इंग्रजीचे अक्षर येत नाही, आणि औषधाची बाटली, फवारणीचा डबा, बँकेचा कागद ही सर्व घरातील सातवी-आठवीच्या मुलापुढे वाचावयास येतात. त्या मुलाच्या वाचण्यावर घर चालते. याकरिता आम्ही या एकाच क्रियापदाचा विचार जरा सावकाश करणार आहो.

आमच्या या भागास इंग्रजी उशिरा भेटली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, व तेथे सरकारी शाळांतून उर्दूचे प्राबल्य होते. घरी मराठी, शाळेत व कचेरीत उर्दू, असा क्रम असल्यामुळे इंग्रजीचा नंबर पुष्कळांच्या आयुष्यात लागतच नसे. पुढे लातूर 1982 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा जिल्हा झाला, आणि 2000 सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून आली. म्हणजे नातवास जी भाषा सहाव्या वर्षी भेटते, ती आजोबांस कधीच भेटली नाही. अशा घरी मुलाची चूक सुधारणारा कोणी नसतो. हे काम उपदेशक बंधूंनी व शिकलेल्या भगिनींनी आपल्याकडे घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. मराठीत ‘ठेवणे’ हे एकच क्रियापद दोन वेगवेगळी कामे करते. ‘पुस्तक मेजावर ठेव’ असे आपण म्हणतो, आणि ‘ही किल्ली तुझ्याजवळ ठेव’ असेही म्हणतो. हिंदी-उर्दूतील ‘रखना’ याचीही तीच रीत असल्यामुळे, उर्दू शिकलेल्या जुन्या पिढीसही या बाबतीत तिकडून साहाय्य मिळाले नाही. इंग्रज मात्र या दोन कामांस दोन शब्द योजतो. पहिल्या वाक्यात तो ‘पुट’ म्हणेल : ‘पुट द बुक ऑन द टेबल.’ दुसऱ्यात ‘कीप’ : ‘कीप धिस की विथ यू.’ आपली मुले, आणि पुष्कळ मोठी माणसेसुद्धा, दोन्ही ठिकाणी ‘कीप’ घालतात. ‘कीप द बुक ऑन द टेबल’ असे वाक्य ऐकून इंग्रज माणूस असे समजेल की, पुस्तक मेजावर आधीच आहे व ते तेथून हलवू नये.

भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी आम्ही सांगतो. वस्तूवरून हात सुटला की काम संपले, तर ‘पुट’. हात सुटल्यावरही काम चालूच राहिले, तर ‘कीप’. ‘पुट’ क्षणाचे आहे. ‘कीप’ काळाचे आहे. ‘व्हेअर डिड यू पुट द बायबल?’ म्हणजे शास्त्र आत्ता हातातून कोठे ठेवलेस. आणि ‘व्हेअर डू यू कीप द बायबल?’ म्हणजे शास्त्र ठेवण्याची नेहमीची जागा कोणती. पहिल्या प्रश्नास ‘चुलीजवळच्या पाटावर’ असे उत्तर आले तर त्यात वावगे काही नाही. दुसऱ्यास तेच उत्तर आले तर पाळकसाहेब खचित काहीतरी बोलतील.

ही दोन्ही क्रियापदे शेजारी-शेजारी पाहावयाची असतील तर उत्पत्तीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडावा व पंधरावे वचन वाचावे. तेथे देवाने मनुष्यास एदेन बागेत नेऊन ठेवल्याचे सांगितले आहे, आणि कशाकरिता ठेवले तेही सांगितले आहे : बागेची मशागत व राखण करण्याकरिता. 1611 सालच्या इंग्रजी शास्त्रात पहिल्या क्रियेस ‘पुट’ हा शब्द आहे व राखण करण्यास ‘कीप’ हा. देवाने ठेवले, ती एक क्रिया, ती झाली. मनुष्याने राखावयाचे, ती क्रिया मात्र रोज सूर्य उगवला की पुन्हा सुरू. दोन शब्दांतील अंतर याहून स्वच्छ रीतीने दाखविणारे वाक्य आम्हांस कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात आढळले नाही. तेथे मूळ इब्री क्रियापद ‘शामर’ हे आहे. चौथ्या अध्यायात काइनाने भावाविषयी देवास जो उद्धट प्रश्न केला, त्यातील ‘राखणारा’ हा शब्द त्याच धातूपासून आला असून इंग्रजीत तेथे ‘कीपर’ असे आहे. स्तोत्रसंहितेतील एकशे एकविसाव्या स्तोत्रात तर हाच धातू सहा वेळा येतो. 1611 च्या भाषांतरकारांनी त्यांपैकी तीन ठिकाणी ‘कीप’ घातला व तीन ठिकाणी दुसरा शब्द योजिला. 1885 मध्ये जे सुधारलेले भाषांतर प्रसिद्ध झाले त्यात सहाही ठिकाणी ‘कीप’ आहे. आम्हांस हे दुसरे अधिक बरे वाटते, कारण एकच शब्द पुन्हा पुन्हा कानी पडण्यात जो दिलासा आहे तो शब्द बदलल्याने उणा होतो.

यावरून वाचकांच्या ध्यानी आले असेल की, ‘कीप’ यास मराठीतील खरा जोडीदार ‘ठेवणे’ हा नसून ‘राखणे’ हा आहे. ज्वारी हुरड्यावर आली म्हणजे किनवट-माहूरकडील शेतकरी रानडुकरांच्या भयाने रात्री जागलीस जातो. तो शेतात काही ‘ठेवीत’ नाही. तो शेत ‘राखतो’. इंग्रजीत : ‘ही कीप्स वॉच इन द फील्ड ऑल नाइट.’ बेथलेहेमाजवळचे मेंढपाळ रात्री कळप राखीत होते, तेथेही इंग्रजी शास्त्रात हेच शब्द आहेत. दुसरा जोडीदार ‘पाळणे’. आपण कोंबड्या पाळतो, शेळ्या पाळतो, आज्ञा पाळतो, शब्द पाळतो. आणि इंग्रजही या चारही ठिकाणी ‘कीप’च म्हणतो : ‘कीप हेन्स’, ‘कीप गोट्स’, ‘कीप द कमांडमेंट्स’, ‘कीप युअर वर्ड’. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या दूर असूनही शेळी व आज्ञा यांस एकाच दावणीला बांधतात, हे पाहून गंमत वाटते. पण विचार केला तर दोहोंतही रोजचे पाहणे आहेच. शेळीस काल चारा घातला म्हणून आज चालत नाही. मंडळीच्या सेवकास आपण ‘पाळक’ म्हणतो, तोही याच क्रियापदाचा.

जेथे मराठीत ‘ठेवणे’ आहे परंतु इंग्रजीत ‘कीप’ मुळीच चालत नाही, अशी दोन स्थळे आमच्या लोकांस फार फसवितात. पहिले, नाव ठेवणे. ‘त्यांनी मुलाचे नाव दानिएल ठेविले’ याचे ‘दे केप्ट हिज नेम दानिएल’ असे भाषांतर बाप्तिस्म्याच्या प्रसंगी पुष्कळदा कानी पडते. त्याचा अर्थ असा होईल की, नाव पूर्वीच दानिएल होते व ते त्यांनी बदलले नाही. शुद्ध वाक्य : ‘दे नेम्ड द चाइल्ड दानिएल.’ (लोकांस नावे ठेवणे ही निराळी कला आहे, तिच्याकरिता इंग्रजी शिकण्याची जरूर नाही.) दुसरे स्थळ अधिक महत्त्वाचे, ते विश्वास ठेवणे. ‘माझ्यावर विश्वास ठेव’ याचे ‘कीप फेथ ऑन मी’ असे करू नये. ‘बिलीव्ह मी’ किंवा ‘ट्रस्ट मी’ असे म्हणावे. कारण ‘कीप फेथ’ हा प्रयोग इंग्रजीत आहे, परंतु त्याचा अर्थ वेगळा : दिलेल्या वचनास जागणे, एकनिष्ठ राहणे. पौलाने तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आपल्या आयुष्याचा हिशेब देताना जे म्हटले आहे, तेथे इंग्रजीत ‘केप्ट’ आहे, आणि आपल्या मराठी शास्त्रात ‘विश्वास ठेवला’ असे नसून ‘राखला’ असे आहे. विश्वास एकदा ठेवावा लागतो; राखावा मात्र मरेपर्यंत लागतो. आमच्या भाषांतरकारांनी तो भेद जाणला होता.

तथापि प्रत्येक ‘ठेवणे’ टाकून द्यावे असेही नाही. लूकाच्या दुसऱ्या अध्यायात मरियेने मेंढपाळांचे बोलणे अंतःकरणात ठेविल्याचे सांगितले आहे, तेथे इंग्रजीतही ‘केप्ट’ आहे. कारण ती ठेवून विसरली नाही, मनन करीत राहिली. कसोटी तीच.

रूपांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. भूतकाळी ‘कीप्ड’ असे होत नाही, ‘केप्ट’ असे होते. स्लीप–स्लेप्ट, वीप–वेप्ट, स्वीप–स्वेप्ट ही त्याचीच भावंडे. वर्तमानकाळी तृतीय पुरुषी एकवचनी कर्ता असला तर ‘कीप्स’. उच्चारात ‘ई’ दीर्घ ठेवावी. पुढे दुसरे क्रियापद ‘-इंग’ लागून आले तर अर्थ ‘करीत राहणे’ असा होतो : ‘कीप प्रेइंग’, प्रार्थना करीत राहा. मत्तयाच्या सातव्या अध्यायात मागणे, शोधणे व ठोकणे यांविषयी जी आज्ञा आहे, तेथील मूळ ग्रीक रूपांत सातत्याचा भाव आहे, म्हणून काही इंग्रजी भाषांतरकारांनी तेथे ‘कीप ऑन’ असे शब्द मुद्दाम घातले आहेत. आणखी एक रचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘मांजरेस पूर आल्यामुळे आम्हांस सभेस येता आले नाही’ असे आपण म्हणतो. इंग्रज पुरासच कर्ता करतो : ‘द फ्लड केप्ट अस फ्रॉम कमिंग टु द मीटिंग.’ येथे ‘कीप’ पुढे ‘फ्रॉम’ आले की ठेवण्याचा अर्थ जाऊन अडविण्याचा येतो.

आणि येथेच या धड्यातील सर्वांत जोखमीची गोष्ट आहे. ‘कीप’च्या मागून येणारे लहान शब्द त्याचा अर्थ फिरवितात, कधी अगदी उलटा करितात. मालमोटारीच्या पाठीमागे ‘कीप डिस्टन्स’ असे असते : अंतर राखा. रस्त्यावर ‘कीप लेफ्ट’ : डावी बाजू धरून चला. ‘कीप ऑफ द ग्रास’ : गवतावर पाय देऊ नका. ‘कीप आउट’ : आत येऊ नका. ही न समजली तर फार तर कोणी रागे भरेल. परंतु कापसावर व सोयाबिनावर फवारण्याच्या औषधाच्या डब्यावर जे इंग्रजी वाक्य असते, ते न समजले तर काय होईल ते आम्ही लिहिणे नको. ते वाक्य असे : ‘कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन.’

सातवीतील मुलास यातील तीन शब्द ओळखीचे असतात : ‘कीप’ म्हणजे ठेवणे, ‘रीच’ म्हणजे पोहोचणे, ‘चिल्ड्रन’ म्हणजे मुले. मधले ‘आउट ऑफ’ लहान, म्हणून ते त्यावरून घसरून जाते. आता उरलेल्या शब्दांची मोट बांधून पाहा : मुलांचा हात पोहोचेल तेथे ठेवा! एक लहानसा शब्द गळाला आणि इशाऱ्याचे आमंत्रण झाले. म्हणून हे वाक्य शिकविताना अगोदर ‘आउट ऑफ’ शिकवावे. ‘आउट ऑफ’ म्हणजे बाहेर, पलीकडे. ‘रीच’ म्हणजे येथे हात पोहोचण्याची मर्यादा. ‘कीप’ म्हणजे राखणे. संपूर्ण अर्थ : मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी हे नेहमी असू द्यावे. ‘नेहमी’ हा शब्द वाक्यात दिसत नाही; तो ‘कीप’च्या पोटात आहे. हंगामाच्या आरंभी डबा एकदा उंच फळीवर चढविला, ते ‘पुट’ झाले. रोज सायंकाळी फवारणी करून थकून आल्यावरही तो उंबऱ्याशी किंवा बाजेखाली न टाकता पुन्हा त्याच जागी कुलपात गेला, तर ‘कीप’ झाले. आणि उरलेले औषध शरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले तर डब्यावरचा इशारा डब्यापाशीच राहिला. बाटलीस तो वाचता येत नाही, व तहानलेल्या मुलासही येत नाही.

ज्यांस इंग्रजी मुळीच येत नाही त्यांनीही एक खूण ओळखावी. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे अशा डब्यांवर टोकावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो, व त्याच्या खालच्या अर्ध्या भागास रंग असतो. तांबडा रंग अत्यंत विषारी औषधाचा. त्याच्या वरच्या भागात कवटी व हाडे यांचे चित्र असते. मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. हिरव्या रंगाचा अर्थ ‘सावधगिरी’ एवढाच आहे, ‘निर्धास्त’ असा नाही. आमच्या किनवट-माहूरच्या सीमेस लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी व मजूर मृत्यू पावले, हे वाचकांस आठवत असेल. ते दुःख वाचता न आल्यामुळेच घडले असे आम्ही म्हणत नाही. त्यास कारणे अनेक होती. पण डब्यावर जे लिहिले आहे ते कळणे हा प्रत्येक शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि प्रार्थनामंदिरात रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटे एक रिकामा, स्वच्छ धुतलेले वेष्टन काढून आणलेला कागद हाती घेऊन हे वाक्य शिकविता येईल.

आता म्हणींकडे वळू. कारण क्रियापदाचा खरा स्वभाव म्हणीत उघड होतो. एक जुनी इंग्रजी म्हण आहे : ‘कीप युअर शॉप, अँड युअर शॉप विल कीप यू.’ येथे ‘कीप’ दोनदा आले आहे व दोन्ही वेळा अर्थ निराळा आहे. पहिले ‘कीप’ म्हणजे नीट चालविणे, सांभाळणे. दुसरे म्हणजे पोसणे. तू दुकान सांभाळ, म्हणजे दुकान तुला पोसील. लातूरच्या आडत बाजारात जो रोज पहाटे गाळा उघडतो त्यास ही म्हण समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडे हिच्या जवळची म्हण ‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही आहे. परंतु दोहोंत एक बारीक भेद आहे. आपल्या म्हणीत थोडे हसू आहे. राखणारा थोडेसे आपल्या घशात घालणारच, असा तिचा रोख असतो, आणि ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही तर त्याच्याही पुढची पायरी झाली. इंग्रजी म्हणीत तो संशय नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातुरास तळे राखणे म्हणजे काय ते कळले. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या जागांजवळ जमावबंदी लागू करावी लागली, आणि 12 एप्रिल रोजी मिरजेहून दहा डब्यांची पाण्याची आगगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या साली चाखण्याजोगे तळेच उरले नव्हते.

दुसरी म्हण : ‘अ मॅन इज नोन बाय द कंपनी ही कीप्स.’ ‘कीप कंपनी’ म्हणजे संगत धरणे; आणि ‘ही’ हा कर्ता असल्यामुळे ‘कीप्स’. मुले हा शेवटचा ‘स्’ फार खातात. आपल्याकडे यासाठी ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण सांगतात. पण ती तंतोतंत तीच नव्हे. ढवळ्या-पवळ्याची म्हण सांगते की संगतीने माणूस बदलतो. इंग्रजी म्हण सांगते की संगतीवरून माणूस ओळखू येतो. शिवाय पवळ्यास कोणीतरी बांधले आहे, त्याने जागा निवडलेली नाही. इंग्रजी म्हणीतला मनुष्य आपली संगत स्वतः राखतो. ज्यांस जन्माने एका ठिकाणी बांधले गेले होते, व ज्यांनी नवी संगत आपण होऊन धरिली, त्या आमच्या बंधूंस या दोन म्हणींतील अंतर अधिक समजेल.

तिसरी म्हण जरा काळीज कठीण करून वाचावी : ‘थ्री मे कीप अ सीक्रेट, इफ टू ऑफ देम आर डेड.’ तिघांत गुपित राहील, पण दोघे मेलेले असले तर. आपल्याकडे गुपित फुटले म्हणजे गोष्ट ‘षट्कर्णी’ झाली असे म्हणतात. सहा कान म्हणजे माणसे तीनच! इतक्या दूरच्या दोन लोकांनी गुपिताचा हिशेब करून एकाच आकड्यावर यावे हे नवल आहे. चौथी म्हण, ‘ॲन ॲपल अ डे कीप्स द डॉक्टर अवे’, सर्वांस पाठ असते. आमच्या भागात सफरचंद पिकत नाही. अर्धापूरच्या केळ्यास ती लावून म्हटली तरी व्याकरण बिघडत नाही. लक्ष द्यावयाचे ते ‘अवे’ या शब्दाकडे. तो गाळला तर सफरचंद वैद्यास घरी ठेवून घेईल.

अभ्यासाकरिता काही वाक्ये देतो. ती इंग्रजीत करून आपल्या उपदेशकांस दाखवावी. आजीने दिवा कोनाड्यात ठेवला. आजीने रात्रभर दिवा तेवत ठेवला. गुरुजींनी हजेरीचे पुस्तक कपाटात ठेवले व किल्ली आपल्याजवळ ठेवली. त्याने शब्द दिला आणि पाळला. पावसामुळे मुलांना शाळेत जाता आले नाही. औषधाचा डबा कोणी खाली ठेवला? तो नेहमी वर ठेवावा. पहिल्या दोन वाक्यांत मराठी क्रियापद एकच असून इंग्रजीत दोन लागतील, एवढे सांगून ठेवतो. दुसऱ्या वाक्यात ‘बर्निंग’ हा शब्द उपयोगी पडेल. शेवटच्या दोन वाक्यांतही तसेच आहे, आणि त्यांची उत्तरे लिहून झाल्यावर ती घरी मोठ्याने वाचून दाखवावी.